तलाव आजारी, तर गाव आजारी

पावसाळा लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दरवर्षी तेच चक्र सुरू होते. आधी हगवण आणि कावीळ, मग डेंग्यू आणि मलेरिया, धान निसवू लागले की स्क्रब टायफसचा ताप. आशाताई घरोघरी फिरून थकतात. ग्रामपंचायत एखाद्या संध्याकाळी धुराची मशीन फिरवते. दिवाळी आली की सगळे विसरतात आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात होते.

आरोग्याच्या या पानावर आपण एकेक आजार घेतो, त्याची लक्षणे आणि उपचार सांगतो. ते आवश्यकच आहे. पण हे आजार ज्या जागेतून येतात तिच्याविषयीही बोलले पाहिजे, असे आम्हाला वाटते. आमचे मत स्पष्ट आहे. गावाचा तलाव, धानाची बांधी, जवळचे जंगल, वैनगंगा आणि आपली वस्ती यांची तब्येत बिघडलेली असताना माणसाची तब्येत केवळ गोळ्यांनी राखता येणार नाही. म्हणून तलावाचा प्रश्न हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो आपल्या समाजाने हाती घेतला पाहिजे.

परिसंस्था म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात 'परिसंस्था' हा धडा असतो. मुले तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, कारण उदाहरणे वाळवंटाची आणि समुद्राची असतात. आपण आपल्या गावचे उदाहरण घेऊ.

एखाद्या जागेतील सगळे सजीव आणि त्या जागेतील निर्जीव गोष्टी यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. या सगळ्या मिळून झालेल्या व्यवस्थेला परिसंस्था म्हणतात. आर्थर टान्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ही कल्पना मांडली. निर्जीव घटक म्हणजे ऊन, पाणी, हवा, माती, उष्णता आणि पाण्यात विरघळलेले क्षार व प्राणवायू. सजीव घटकांचे तीन गट पडतात. सूर्यप्रकाशातून स्वतःचे अन्न तयार करणारी हिरवी झाडे आणि शेवाळ हे उत्पादक. त्यांना खाणारे आणि एकमेकांना खाणारे प्राणी हे भक्षक. मेलेल्या सर्वांना कुजवून पुन्हा मातीत मिळवणारे जीवाणू आणि बुरशी हे विघटक. यातला एक घटक बदलला की बाकीच्यांवर परिणाम होतोच.

आपल्या वाचकांना हा विचार नवा वाटू नये. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणाम थांबतो, हे प्रतीत्यसमुत्पादाच्या शिकवणीतून आपण ऐकतच आलो आहोत. वर्षावासाचा नियम का झाला, तेही विनयात सांगितले आहे. पावसाळ्यात फिरणारे भिक्खू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले. भिक्खूच्या आठ परिष्कारांमध्ये पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये, असाही नियम आहे. आरोग्य खात्याची भिंतीवरची आजची सूचना यापेक्षा फार वेगळी नसते.

तलाव

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत आणि त्यांचा मोठा वाटा भंडारा-गोंदियात आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणकारांनी यातले बरेच तलाव बांधले. ते खोदायला लागलेले हात कष्टकरी जातींचे होते, हेही विसरू नये. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारच्या ताब्यात आले, आणि हळूहळू 'गावचा तलाव' हा 'खात्याचा तलाव' झाला. पाळ फुटली तर खाते बघेल, गाळ साचला तर खाते बघेल, अशी सवय लागली.

तलाव हा पाणी भरलेला खड्डा नव्हे. त्याच्या उथळ काठावर देवधान, कमळ, शिंगाडा आणि पाण्याखालच्या कितीतरी वनस्पती वाढतात. त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात. मरळ, वाम, मागूर, झिंगे आणि बारीक मासळी तिथेच वाढते. चतुर हा कीटक पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले डासांच्या अळ्यांवर जगतात. बेडूक, पाणकिडे आणि बगळे आपापले काम करतात. तळाच्या गाळात विघटक असतात. ही सगळी साखळी शाबूत असलेल्या तलावात डासाच्या अळीला मोठे होणे अवघड जाते.

आता साखळी तुटली की काय होते ते पाहा. गावाच्या नाल्या तलावात सोडल्या की सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतात. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. ती मरून कुजू लागली की विघटक पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. चांगल्या पाण्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्राणवायू विरघळलेला असतो. तो फार खाली गेला की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात आणि मग मरतात. अळ्या खाणारे मासे गेले, घाण पाणी राहिले. असे पाणी क्युलेक्स डासाला मानवते, आणि हाच डास हत्तीपायाचा प्रसार करतो. भंडारा हा हत्तीपायग्रस्त जिल्हा आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. सुजलेला पाय लपवत जगणारी माणसे आपल्या गावागावांत आहेत.

"तलावच बुजवा" म्हणणाऱ्यांना

काही ठिकाणी असा सूर ऐकू येतो की तलाव आणि बोड्या बुजवल्या की डास जातील आणि जागाही मोकळी होईल. या म्हणण्यात अर्धवट माहिती आहे, आणि बऱ्याचदा त्या मोकळ्या जागेवर कोणाचा तरी डोळा असतो.

डास एका जातीचा नसतो. डेंग्यू पसरवणारा एडिस घरातल्या रांजणात, कूलरमध्ये, टायरमध्ये आणि फुटक्या डब्यात वाढतो. त्याला तलाव लागतच नाही. हत्तीपायाच्या क्युलेक्सला गटार, तुंबलेली नाली आणि उघडा सेप्टिक टँक पुरतो. मलेरियाचा ॲनॉफेलिस मात्र स्वच्छ, संथ पाण्यात आणि गवताळ काठावर वाढतो, म्हणून तलावाच्या काठाकडे लक्ष द्यावे लागते हे खरे. पण त्यावरचा इलाज काठावरचे बेशरम आणि तरंगती जलपर्णी काढून देशी मासे टिकवणे हा आहे. तलाव बुजवला तर मासे जातात, विहिरींची पातळी खाली जाते, आणि डास गटारात राहतातच.

गप्पी माशांविषयीही बोलले पाहिजे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. सिमेंटच्या टाक्या, बंद डबकी आणि नाल्यांसाठी तो उपयोगी आहे. मोठ्या तलावात तो सोडण्याची गरज नाही. तिथले काम आपले देशी मासे करू शकतात आणि परक्या माशाने त्यांच्या अन्नात वाटेकरी होऊ नये.

खोलीकरण आणि सौंदर्यीकरणाबद्दलही आमचे मत आहे. गाळ काढला पाहिजे. तो शेतात टाकला तर शेताचेही भले होते. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. परंतु जेसीबी लावून तलावाचा सगळा तळ खरवडला, उतरते काठ उभे कापले आणि भोवती सिमेंटची भिंत घातली, तर वनस्पतींचे बी आणि कंद गेले आणि माशांची अंडी घालण्याची जागाही गेली. पाणी दिसते, पण तलाव मेलेला असतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांबरोबर भंडारा-गोंदियात वेगळी वाट दाखवली आहे. उन्हाळ्यात बेशरम हाताने उपटायचे, तळ नांगरायचा, देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. मग स्थानिक मासळी परतते. या कामात खर्च कमी आहे आणि मजुरी गावातच राहते.

मासळीचा प्रश्न थेट पोषणाचा आहे. रोहू, कतला बाजारात विकले जातात. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी गरिबाच्या ताटात येते. तिच्यातून कॅल्शियम, लोह आणि अ जीवनसत्त्व मिळते. आपल्या बाया आणि पोरींमध्ये रक्तक्षय इतका असताना हे फुकटचे टॉनिक नाहीसे होऊ देणे परवडणारे नाही.

धानाची बांधी

बांधी ही माणसाने घडवलेली परिसंस्था. सहा महिने पाणी, सहा महिने कोरडी. तिच्यात बेडूक, खेकडे, झिंगे, गोगलगाई आणि साप असतात. आपल्याकडे थोडेच उरलेले सारस पक्षीही याच बांध्यांमध्ये घरटे करतात. कीड येते, पण किडीला खाणारे कोळी आणि चतुरही असतात. गरज नसताना केलेली फवारणी आधी या मित्रांना मारते, मग कीड दुप्पट जोमाने उठते आणि पुन्हा फवारणी करावी लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेणारा माणूस बहुधा मजूर असतो आणि तो बहुधा आपल्यातला असतो, ही गोष्ट आपण विसरू शकत नाही.

रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात वाकून उभ्या असतात. पायाला भेगा किंवा जखम असेल तर उंदराच्या लघवीतून चिखलात आलेले लेप्टोस्पायराचे जंतू शरीरात शिरतात. धुऱ्यावरच्या वाढलेल्या गवतात चिगर नावाची बारीक अळी असते. ती चावली की स्क्रब टायफस होतो. २०१८च्या पावसाळ्यात विदर्भात या तापाने अनेकांचा बळी घेतला. जोराचा ताप, डोकेदुखी आणि काखेत, जांघेत किंवा कमरेला सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली दिसली तर एक दिवसही थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन 'मी शेतात, गवतात काम करतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. उंदीर का वाढले, याचेही उत्तर बांधीतच आहे. साप दिसला की मारायचा आणि घुबड अशुभ म्हणून हाकलायचे, तर उंदीर खाणार कोण?

जंगल आणि आपले रक्त

कोका अभयारण्य, नागझिऱ्याचा परिसर, अंबागडचे डोंगर, पवनीकडचे उमरेड-कऱ्हांडला अशी जंगले आपल्या जिल्ह्याला लाभली आहेत. मोहफूल आणि तेंदूपत्ता गोळा करायला आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलात जातात. जंगल आणि मलेरिया यांचा संबंधही तितकाच जुना आहे.

याच संबंधाची खूण आपल्या रक्तात आहे. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळते. पूर्वजन्मीचे पाप, करणी किंवा कोणाचा शाप यांचा याच्याशी काहीही संबंध नाही. ज्यांच्याकडे सिकलसेलचा एकच जनुक असतो, त्या वाहक व्यक्तीला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले. मलेरियाच्या प्रदेशात असे वाहक अधिक संख्येने जगले आणि तो जनुक टिकून राहिला. डास, जंगल, पाणी आणि माणसाचे रक्त एकाच व्यवस्थेचे भाग आहेत, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

परंतु वाहकाला मिळणारे हे संरक्षण सिकलसेलच्या रुग्णाला मिळत नाही. उलट मलेरिया त्याच्यासाठी अतिशय धोकादायक ठरतो. म्हणून ज्या घरात रुग्ण आहे, त्या घराभोवतीचे पाणी आणि डास यांची काळजी दुप्पट घ्यावी. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. लग्नाची बोलणी करताना पत्रिका पाहण्याची प्रथा आपण सोडली. तिच्या जागी रक्ततपासणीचे कार्ड पाहण्याची प्रथा आणली पाहिजे.

वैनगंगा

नदी ही वाहत्या पाण्याची परिसंस्था. वाहते पाणी हवेतला प्राणवायू घेत जाते आणि थोडीफार घाण स्वतः पचवते. धरण बांधले की तेच पाणी स्थिर होते आणि नदीचे तलावात रूपांतर होते. पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. सिंचनासाठी धरण हवे होते, त्याबद्दल आमचा वाद नाही. परंतु नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून आंभोऱ्याला वैनगंगेत आणि तिथून गोसेखुर्दच्या साचलेल्या पाण्यात येते. वाहत्या नदीला जे थोडेफार पचले असते ते स्थिर पाण्याला पचत नाही. जलपर्णी माजते, मासेमारांच्या जाळ्यात मासळीऐवजी वेल येतो, आणि काठावरच्या गावांत त्वचेच्या व पोटाच्या तक्रारी ऐकू येतात.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी १९०० कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर आहे. घाण शहराची आणि आजार खालच्या गावांचा, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. वरच्याने घाण करायची आणि खालच्याने ती सोसायची, ही रीत आपल्या समाजाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. ज्या पवनीत जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७०च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला, त्याच पवनीच्या काठाने हे पाणी जाते. ती योजना कागदावरून प्रत्यक्षात कधी येते, यावर आपले लक्ष असले पाहिजे.

वस्ती हीसुद्धा परिसंस्थाच

माणूस या व्यवस्थेच्या बाहेर उभा नाही. आपल्या अनेक गावांत बौद्ध वस्ती गावाच्या कडेला, सखल भागात आहे. गावाची नाली उताराने तिथे येते आणि तिथेच थांबते. ही जागा आपल्या पूर्वजांनी निवडली नव्हती, ती जातीने नेमून दिली होती. म्हणून डेंग्यूचे किंवा हत्तीपायाचे रुग्ण कोणत्या मोहल्ल्यात जास्त आहेत, हा प्रश्न सामाजिक न्यायाचाही आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला माणूस म्हणून असलेला हक्क सिद्ध केला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री असताना देशातील नद्यांच्या खोऱ्यांच्या नियोजनाचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५४ मध्ये त्यांनी याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क त्यांनी मिळवून दिला. ते पाणी पिण्याजोगे, जगवण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी आता आपली आहे.

काय करता येईल?

कायदा आपल्या बाजूने आहे. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या गावची समिती कागदावर आहे की चालू आहे, हे ग्रामसभेत विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामूहिक जमिनी आणि तळ्यांवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश राज्यांना दिले. वनहक्क कायदा, २००६ मध्ये जलाशयातील मासळीवरचा सामूहिक हक्कही नमूद आहे.

यंदाच्या वर्षावासात प्रत्येक विहाराने निदान एक रविवार या कामाला द्यावा, अशी आमची विनंती आहे. सकाळी वंदना झाली की उपासक-उपासिका, समता सैनिक दलाचे तरुण आणि शाळेची मुले यांनी तलावावर जावे. मुलांनी वहीत दोन रकाने करावेत, एकात सजीव, दुसऱ्यात निर्जीव, आणि जे दिसेल ते लिहावे. जुन्या माणसांना आणि ढिवर बांधवांना विचारून, पूर्वी काय होते आणि आता काय नाही, तेही नोंदवावे. ही वही पुढे ग्रामसभेत पुरावा म्हणून कामी येईल.

त्याच दिवशी वस्तीतली एक तरी तुंबलेली नाली मोकळी करावी आणि घराजवळ शोषखड्डा घ्यावा. दर आठवड्याला एक दिवस पाण्याची भांडी कोरडी करण्याचा नेम महिला मंडळाने लावावा. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासण्यासाठी गावातील पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाचांमध्ये आपल्या वस्तीतली एक तरी भगिनी असावी.

आरोग्य खात्याची माणसे रात्री रक्ताचा नमुना घ्यायला आली तर दार लावू नका. हत्तीपायाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून ती वेळ. वर्षातून एकदा मिळणाऱ्या गोळ्या त्यांच्यासमोरच घ्या. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना मात्र त्या देत नाहीत. ज्यांचा पाय सुजला आहे त्यांनी तो रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडा ठेवावा आणि लाज न बाळगता दवाखान्यात दाखवावे.

हे एका समाजाने एकट्याने करण्याचे काम नाही. तलावावर ढिवर, कोहळी, गोंड, कुणबी, पोवार अशा सगळ्यांचे जगणे आहे. परंतु पुढाकार कोणी तरी घ्यावा लागतो, आणि पाण्यासाठी लढण्याचा वारसा ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो घ्यावा, असे आम्हाला वाटते. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गावच्या तलावाचा विषय लेखी अर्ज देऊन घालून घ्या आणि काय ठरले ते आम्हाला कळवा. जय भीम! नमो बुद्धाय!